राजकारणाच्या पोस्ट पाहून उधारी नाकारली. माणूस असा ओळखता येतो का?

खातेवही (दारव्हा तालुका, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण अर्धा सांगितला तर उत्तरही अर्धंच मिळेल, म्हणून सगळं लिहितो.

आमचं कृषी केंद्र आहे. वडिलांनी सुरू केलं, मी चोवीस वर्षांपासून गल्ल्यावर बसतो. बियाणं, खत, औषध विकणं हे अर्धंच काम. खरं काम म्हणजे जूनमध्ये कोणाला उधार द्यायचं आणि कोणाला नाही ते ठरवणं. मृग लागला की दुकानात उभं राहायला जागा नसते. त्या आठ-दहा दिवसांत जे नाव वहीत चढतं, त्याचे पैसे कापूस निघेपर्यंत अडकतात. म्हणजे दिवाळी ते संक्रांत, एखाद्या वर्षी होळी. २०२५ च्या खरिपात बीजी-२ कपाशीचं पाकीट ९०१ रुपयांचं होतं, डीएपीची बॅग १३५०. चार एकर कपाशीवाल्याचं नुसतं पेरणीचं खातं बारा-पंधरा हजारांवर जातं, फवारणीचं वेगळं. असे शे-दीडशे लोक वहीत असतात.

वडील माणूस कसा ओळखायचे ते मी लहानपणी पाहिलंय. गिऱ्हाइकाशी बोलत बोलत ते बाहेर उभ्या असलेल्या बंडीपाशी जायचे आणि बैलांच्या मानेवरून हात फिरवायचे. जू घासून मान सोलली आहे आणि तिला तेल-हळदही लावलेली नाही असं दिसलं, की त्या माणसाची उधारी कमी. त्याच्या गावाकडून जाणं झालं तर त्याच्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, पाहायचे, तण माजलंय की साफ आहे. तेही चुकायचे. पण जे पाहायचे ते त्या माणसाच्या हातचं काम असायचं.

आता बंडी घेऊन येतंच कोण? मोटारसायकलवर येतात, थैली टाकून जातात. मग पाहायचं कशाकडे? माझा मुलगा अमरावतीला बीसीए करून आला आणि दुकानात बसायला लागला. पोरगा मेहनती आहे, मी त्याची नालस्ती करत नाही. दुकानाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, पाऊस, औषधाचं प्रमाण, भाव असं त्यावर टाकतो. त्यामुळे गिऱ्हाइकांचे नंबर आमच्याकडे, त्यांचे स्टेटस आम्हाला दिसतात, बरेचजण फेसबुकवरही आहेत. मुलानं त्यातल्या साठेक जणांची यादी केली. रोज राजकारणावर भांडणारे, शिव्या लिहिणारे लाल. मधूनमधून लिहिणारे पिवळे. नाही लिहिणारे किंवा सभ्य लिहिणारे हिरवे. त्याचं म्हणणं सरळ होतं: "बाबा, जो माणूस चारचौघांत जिभेवर ताबा ठेवत नाही, तो पैशावर कसा ठेवणार? आणि यंत्र नुसत्या लाइकवरून बायकोपेक्षा जास्त माणूस ओळखतं, यावर संशोधन झालेलं आहे."

मला ते पटलं. इथे खोटं का लिहू, पटलंच.

आता ज्याच्यामुळे हे लिहितोय तो माणूस. नाव सांगत नाही. गाव आमच्यापासून नऊ किलोमीटर. चार एकर कपाशी-तूर, दोन एकर सोयाबीन. अकरा वर्षांचं खातं. एकदम कधी दिले नाहीत, पण दरवर्षी संक्रांतीच्या आत तुकड्यातुकड्यानं वही कोरी करायचा. बोलायला कमी. २०२४ च्या ऑक्टोबरात तो फेसबुकवर लिहायला लागला. विधानसभेची धामधूम होती, २० नोव्हेंबरला मतदान. दिवसाला पाच-सहा पोस्ट. उमेदवारांना शिव्या, मतदारांना शिव्या, कर्जमाफी मागणाऱ्यांना शिव्या आणि न मागणाऱ्यांनाही. एका रात्री साडेबाराला लिहिलं की सगळे व्यापारी चोर आणि हे खतवाले त्यांचे सख्खे भाऊ. ती पोस्ट मी चारदा वाचली.

२०२५ च्या जूनमध्ये तो नेहमीसारखा आला. कपाशीची आठ पाकिटं, १०:२६:२६ खताच्या चार बॅगा. मी म्हटलं, "या वर्षी नगदीच करू." त्यानं भावफलकाकडे पाहिलं. गर्दी होती, मागचे लोक ऐकत होते. "बरं दादा," एवढंच म्हणाला आणि गेला.

ज्याला मी फोनवर वाचलं होतं, तो माणूस तिथे भांडायला हवा होता. भांडला नाही. ते "बरं दादा" आज सहा महिने झाले, जात नाही डोक्यातून.

तर विचारायचं एवढंच, की राजकारणावरच्या पोस्ट वाचून माणसाचा स्वभाव खरंच कळतो का? कळत असेल तर किती, आणि कशावरून? तुमच्यापैकी कोणी शिकलेलं असेल, कोणी माझ्यासारखं फसलेलं असेल, तर सांगा.


पऱ्हाटी (आर्णीकडचा कास्तकार)

भाऊ, तुमची गोठ वाचली तं मले माह्या घरचाच फोन आठवला. फोन एक हाये. सिम माह्या नावाचं, फेसबुक माह्या नावाचं. दिवसा मी वावरात नेतो, लाइन कवा येते थे पाहा लागते. सांच्याले पोट्टा घेते. राती लहाना भाऊ घेते. मांगच्या इलेक्शनात माह्या नावानं सकाळी एका पार्टीची पोस्ट गेली आन राती दुसऱ्या पार्टीची. लोकं चौकात इचारे, तू हायेस तरी कोनाचा? आता तुमच्या पोरानं मले लाल केलं असतं तं थो लाल कोन? मी का माहा भाऊ?

आन अजून एक सांगतो. २०१७ ले आपल्या जिल्ह्यात फवारनीची इषबाधा झाली, किती मानसं गेली तुमाले मालूम हाये. माह्या मोठ्या भावाले चार रोज यवतमाळले भरती ठेवलं होतं, डोये उघडे नाई. तवा म्या लिवलं. औषधवाल्याइले लिवलं, सरकारले लिवलं, तोंडाले येईन थे लिवलं. थ्याच हप्त्यात म्या माह्या दुकानदाराचे सात हजार देऊन आलो, काहून का भाऊ दवाखान्यात असला तरी घेतलेलं देनं हायेच. दोनी गोष्टी म्याच केल्या. थ्यानं फक्त पोस्ट पाह्यली असती तं?

तुमच्या मानसाचं सोयाबीन कितीनं गेलं होतं थ्या साली, थे इचारलं का तुमी?


मोर्शीची मानसी (मानसशास्त्र शिकवते, माहेर पुसद)

दादा, तुमच्या मुलानं ऐकलेलं संशोधन खरं आहे. म्हणून आधी तेच नीट सांगते, कारण अर्धवट ऐकलं की तेच घात करतं.

केंब्रिज विद्यापीठात मिहाल कोसिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ५८ हजारांवर लोकांचे फेसबुकवरचे लाइक तपासले. तिथल्या दोन मोठ्या पक्षांचा एकेक माणूस समोर ठेवला, तर कोण कुठला हे नुसत्या लाइकवरून शंभरात पंच्याऐंशी वेळा बरोबर सांगता आलं. म्हणजे पक्ष ओळखणं सोपं निघालं. स्वभाव ओळखणं त्यामानानं बरंच कच्चं होतं. मग २०१५ चा अभ्यास आला, तुमच्या मुलानं सांगितलेला. त्यात ८६,२२० लोकांनी आपल्या स्वभावाबद्दल शंभर प्रश्नांची उत्तरं भरून दिली. दहा लाइक मिळाले की यंत्राचा अंदाज सोबत काम करणाऱ्याच्या पुढे जायचा, सत्तरला मित्राच्या, दीडशेला घरच्यांच्या आणि तीनशेच्या आसपास नवरा-बायकोच्या.

ऐकायला जबरदस्त वाटतं. पण किती पुढे? तंतोतंत जुळलं तर १ धरायचं, अशा मापात यंत्राला ०.५६ मिळाले आणि माणसांना सरासरी ०.४९. यंत्र जिंकलं खरं, पण दोघंही १ पासून लांबच आहेत. दुसरं म्हणजे ते लाइक गाणी, सिनेमे, खाणंपिणं, खेळ, सगळ्याचे मिळून होते, एकट्या राजकारणाचे नव्हते. तिसरं, जे जुळवलं ते त्या माणसानं स्वतः भरलेल्या उत्तरांशी. त्यानं उधारी फेडली का, हे कोणीही पाहिलेलं नाही. तुमच्या मुलाकडे तीनशे लाइक नाहीत, हजारो लोकांची तुलना नाही. त्याच्याकडे दहा-वीस संतापलेल्या पोस्ट आहेत आणि त्या वाचणारा एक घाबरलेला बाप आहे. रागावू नका.

आम्ही स्वभावाचे पाच पैलू शिकवतो: नव्या गोष्टींना मन खुलं असणं, नेटकेपणा आणि जबाबदारी, माणसांत रमणं, इतरांशी जुळवून घेणं आणि मन लवकर अस्वस्थ होणं. उधारीसाठी तुम्हाला यातला दुसरा हवाय. तुमची यादी पाहतेय चौथ्याकडे आणि पाचव्याकडे. तापट माणूस वेळेवर पैसे देणारा असू शकतो, सगळ्यांशी गोड असणारा विसराळू असू शकतो. हे वेगवेगळे धागे आहेत, एकाला ओढलं म्हणून दुसरा येत नाही.

आता यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. १९६७ मध्ये जोन्स आणि हॅरिस यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना क्युबाच्या फिडेल कॅस्ट्रोबद्दलचे निबंध वाचायला दिले, काही बाजूचे, काही विरोधातले. वाचणाऱ्यांना स्पष्ट सांगितलं होतं की लिहिणाऱ्यानं बाजू स्वतः निवडलेली नाही, त्याला ती नेमून दिली होती. तरीही वाचणाऱ्यांना वाटत राहिलं की बाजूनं लिहिणारा मनातून बाजूचाच असणार. परिस्थिती समोर दिसत असूनही आपण शब्दांमागे स्वभावच शोधतो. पुढे १९७७ मध्ये ली रॉस यांनी या सवयीला नाव दिलं. मी वर्गात हा प्रयोग दरवर्षी सांगते आणि घरी आल्यावर जावेबद्दल तेच करते, इतकी ती खोल आहे.

आर्णीच्या दादांनी विचारलं ते बरोबर विचारलं. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास जात होतं. तुमच्या माणसाच्या पोस्ट ऑक्टोबरात सुरू झाल्या, असं तुम्हीच लिहिलंय. अकरा वर्षांत स्वभाव जसाच्या तसा राहिला आणि एका ऑक्टोबरात बदलला, असं होतं का?

शिवाय फेसबुक त्याला काय शिकवत होतं तेही बघा. २०२१ मध्ये विल्यम ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी ट्विटरवरच्या ७,३३१ जणांचे १ कोटी २७ लाख ट्वीट तपासले. संतापाच्या ट्वीटला ज्यांना जास्त लाइक मिळाले, ते पुढे आणखी संतापानं लिहायला लागले. कमी बोलणाऱ्या माणसाला गावात कोणी ऐकत नव्हतं, तिथे पहिल्यांदा शंभर लोकांनी अंगठा दाखवला असेल.


खातेवही

मॅडम, घाबरलेला बाप हे बरोबर आहे. २०२३ चे साठ हजार अजून बाहेर आहेत, त्यानंतर मी घाबरूनच वागतो.

पण एक सांगा. सगळंच परिस्थिती म्हणून सोडायचं का? दुसरं एक गिऱ्हाईक आहे. तो एका समाजाच्या लोकांबद्दल इतकं वाईट टाकतो की माझ्या दुकानात त्या समाजाचा हमाल आहे, पंधरा वर्षांपासून पोती उचलतो, त्याच्यासमोर मला मान वर करवत नाही. एकदा त्यानं ते आमच्या ग्रुपवरही टाकलं. मीच अ‍ॅडमिन, म्हणून केस होईल या भीतीनं मी काढलं. पण मनातून विचारतोय, हा माणूस असाच आहे असं म्हणू की नको?


रिसोडची सून

दादा, मी बचत गटाची सचिव आहे. उमेद या सरकारी अभियानातला गट, आम्ही बारा जणी. तुमचा सगळा धागा वाचला आणि एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. तुमच्या मुलाच्या यादीत बायका किती?

मला वाटतं एकही नसेल. खातं नवऱ्याच्या नावाचं, सातबारा नवऱ्याच्या नावाचा, फेसबुकही त्याचंच. पण संक्रांतीच्या आत तुकड्यातुकड्यानं पैसे येतात ना, ते तुकडे कुठून येतात? वेचणीचे, निंदणाचे, दुधाचे, गटाच्या कर्जाचे. आमच्या गटातल्या तिघींनी गेल्या वर्षी गटातून कर्ज काढलं ते कृषी केंद्राचं खातं मिटवायलाच. त्यातल्या एकीचा नवरा रात्रंदिवस राजकारण टाकतो, तिला त्याच्या पोस्ट कधी वाचताही आल्या नाहीत, कारण साधा फोन आहे तिच्याकडे. तिचा एकही हप्ता चुकलेला नाही. तुमच्या यादीत ते घर लाल लागेल. घर लाल आहे का?

आम्ही कर्ज देताना काय पाहतो ते सांगते. गटाची पंचसूत्री असते: नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. बस. बाई बैठकीत भांडते का, कोणाच्या सभेला जाते, हे आम्ही पाहत नाही. आमच्यात एक आहे, तिचं तोंड सुरू झालं की बाकीच्या पदर लावतात कानाला. हप्ता चुकण्याआधी मात्र ती स्वतःहून सांगते की या महिन्यात हप्ता जमणार नाही, पुढच्या महिन्यात दोन देईन. देतेही. गोड बोलणारी एक होती, तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही की नवऱ्यानं बैल विकले. आम्हाला ते कळलं तेव्हा उशीर झाला होता. तिच्यावरही माझा राग नाही, लाज वाटली असेल तिला.

तुम्ही त्या माणसाच्या बायकोला ओळखता का? अकरा वर्षांत एकदा तरी दुकानात आली असेल.


फ्लेक्सवाला (पुसद)

मी २०२४ च्या दोन्ही निवडणुकांत पोस्टचं काम केलंय, लोकसभेला एकाचं आणि विधानसभेला दुसऱ्याचं. म्हणून आतलं सांगतो.

सकाळी सहाला आम्ही चार-पाच मजकूर तयार करायचो. वऱ्हाडीत एक, शुद्ध भाषेत एक, शिव्यांचा एक, रडका एक. ते गावागावातल्या पोरांना जायचे. सोबत सूचना असायची की जसंच्या तसं टाकू नका, मनचे दोन शब्द घाला, म्हणजे तुमचंच वाटेल. संध्याकाळी कोणी टाकलं, कोणी नाही, याचे स्क्रीनशॉट वर जायचे. कोणाचं घरकुल यादीत अडकलेलं, कोणाच्या पोराला कंत्राटी कामावर लावायचं, कोणाची मोटर जोडणी बाकी. ते टाकायचेच. त्यातले किती जण आतून त्या बाजूचे होते मला माहीत नाही, आणि त्यांना विचारायची माझी हिंमतही नव्हती.

मी केलं ते चांगलं केलं असं म्हणत नाही. पण दादा, तुम्ही जी पोस्ट त्या माणसाचं मन समजून वाचता, ती कधीकधी मी लिहिलेली असते. ओळखायची एक खूण आहे: मजकुरातली एक ओळ उचलून शोधा. तीच ओळ, त्याच चुकीसकट, दहा जणांकडे सापडली तर ती त्याची नाही. तुमच्या माणसाचं "खतवाले सख्खे भाऊ" हे मला तयार मालासारखं वाटत नाही. ते त्याचंच असावं.

आणि ग्रुपच्या केसचं. नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलंय की सदस्यानं काही आक्षेपार्ह टाकलं, तर त्याच्याशी अ‍ॅडमिनचं संगनमत असल्याशिवाय केवळ अ‍ॅडमिन म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही. तरी तुम्ही काढलं ते बरंच केलं. हमालदादांसाठी.


मोर्शीची मानसी

दादा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला.

तो मनातून कसा आहे, हे न ठरवताही त्यानं केलं ते वाईट आहे असं म्हणता येतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच भटक्या माणसांना जमावानं ठार मारलं. असे मेसेज पुढे ढकलणाऱ्यांतले बहुतेक जण आपापल्या घरी चांगले बाप, चांगले शेजारी असतील. त्यानं त्या पाच जणांना काय फरक पडला? त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली, कारण कंपनीला माणसांचा स्वभाव नाही, पुढे ढकलणं थांबवायचं होतं. तुम्हीही तसंच करा. त्याला दुकानात बोलवा, हमालदादा नसताना, आणि सांगा की हे माझ्या ग्रुपवर चालणार नाही आणि मला हे लागलं. तो काय उत्तर देतो त्यातून तुम्हाला सगळ्या पोस्टपेक्षा जास्त कळेल.

पोस्टमधून काहीच कळत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. मी स्वतः काय पाहते ते सांगते. मजकूर त्याच्या स्वतःच्या शब्दांत आहे का. निवडणूक नसतानाही, वर्षानुवर्षं तेच आहे का. राग ताकदवानावर आहे की आपल्यापेक्षा कमजोरावर. कोणी खाली "हे खोटं आहे भाऊ" असं पुराव्यानिशी लिहिलं तर तो काय करतो. चूक कबूल करून पोस्ट काढणारा माणूस मला फार क्वचित दिसतो आणि दिसला की मी त्याच्याबद्दल काहीतरी पक्कं मनात धरते. पण हे सगळं पाहायला महिने लागतात, आणि त्यातूनही तो बियाण्याचे पैसे देईल की नाही हे कळत नाही. त्यासाठी तुमच्याकडे अकरा वर्षांची वही आहे. जगातल्या कुठल्याही संशोधकाकडे एका माणसाबद्दल इतकी चांगली नोंद नसते.

एक मागणं आहे. ती यादी ठेवू नका. केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय प्रचाराच्या कंपनीकडे एका अ‍ॅपमधून फेसबुकवरच्या लोकांची माहिती गेल्याचं प्रकरण २०१८ मध्ये बाहेर आलं तेव्हा फेसबुकनं सांगितलं होतं की भारतात फक्त ३३५ जणांनी ते अ‍ॅप घेतलं होतं, पण मित्रांमुळे ५ लाख ६२ हजार लोकांची माहिती गेली असू शकते. त्या लोकांनी कोणाला होकार दिला नव्हता. तुमच्या गिऱ्हाइकांनी तुम्हाला नंबर पावसाची खबर कळावी म्हणून दिलाय.


खातेवही

मंडळी, उशिरा लिहितोय. कापसाची गडबड होती, हमीभावानं कापूस विकायला कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी लागते, मुलगा लोकांच्या त्या नोंदण्या करून देण्यात अडकला होता.

आधी वही काढली. २०२४-२५ चं खातं आणि मुलाची यादी समोरासमोर ठेवून आम्ही दोघं रात्री बसलो. ज्यांचे पैसे अजून यायचे आहेत असे साठांतले नऊ निघाले. तीन लाल, दोन पिवळे, चार हिरवे. मग मुलाला म्हटलं, प्रत्येकाचं कारण आठव. एकाच्या आईचं ऑपरेशन. एकाची विहीर खचली. दोघांच्या वावरात पाणी साचून तूर जळाली. एकानं पोरीचं लग्न केलं, मीच जेवून आलो होतो. दोघांचं कारण आम्हाला माहीतच नव्हतं. उरलेले दोघं देत नाहीत, कारण त्यांना द्यायचे नाहीत, आणि ते मला त्यांच्या दुसऱ्याच वर्षी कळलं होतं, फक्त मी कबूल करत नव्हतो. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं स्वतःच ती फाइल काढून टाकली.

रिसोडच्या ताई, तुमचा प्रश्न फार लागला. त्याच्या बायकोला मी ओळखतो. दोन वर्षं तीच उरलेले पैसे घेऊन आली होती, पदराच्या गाठीतून. माझ्या वहीत मात्र "जमा" पुढे त्याचंच नाव आहे.

परवा त्याच्या वावरात गेलो. धुरा साफ होता. तिसरी वेचणी सुरू होती, तो, बायको आणि दोन बाया. मला पाहून तो ओळीतून बाहेर आला, कमरेची झोळी सोडली. मी म्हटलं, जूनमध्ये मी तुला परत पाठवलं, त्याचं कारण तुझी ती पोस्ट होती. त्याला आधी कोणती ते आठवेना. मग आठवलं.

म्हणाला, "दादा, थ्या दिवशी सोयाबीन इकून आलो होतो. सव्वातीन हजारानं मांगलं, ओलं हाये म्हणून. घरी सांगलं असतं तं हे झोपली नसती. मंग फोनले सांगलं." थोडं थांबून म्हणाला, "खतवाल्याचं लिहाले नाई पायजे होतं. पण तुमी तवाच फोन करून इचारलं असतं तं म्या सांगलं असतं."

मी माफी मागितली. त्यानं ऐकून घेतली. बायकोनं थर्मासमधला चहा दिला, झाकणात. हरभऱ्याचं बियाणं लागलं तर ये म्हटलं, तर म्हणाला, घेतलं तिकडून, जूनपासून तिकडेच चालू आहे. ते दुकान त्याला उलट्या वाटेवर पडतं, हे मला माहीत आहे.

पुढच्या मृगाला येतो असं तो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही. त्याच्या नावाचं पान वहीत तसंच कोरं ठेवलंय. दुसऱ्या गिऱ्हाइकाला सोमवारी बोलावलंय, त्या दिवशी हमालाची सुट्टी असते. काय होतं ते कळवतो.